सांडव्यावरची जाळी

रविवारी दुपारी सव्वाचार वाजता गोपीचंद वलथरे याने पाथरटोल्याच्या तलावाच्या सांडव्यावरची जाळी विळ्याने कापली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांसकट कापली. पलीकडच्या धुऱ्यावर गवत कापणाऱ्या एका बाईने ते पाहिलं आणि जी आरोळी ठोकली, ती पारीवरून घसरत थेट खालटोलीत आली.

"गोप्यानं जाळी कापली वो! मासोळी चालली!"

जागेश्वर शेंडे त्या वेळी आपल्या घरात प्रार्थनेची सतरंजी गुंडाळत होता. त्याने सतरंजी तशीच टाकली आणि चप्पल न घालता धावत सुटला. गोपीचंदने हे का केलं, असा प्रश्न साऱ्या गावाला पडणार होता. जागेश्वरला तो पडला नाही. त्याला कारण ठाऊक होतं.

पाथरटोला कारध्याच्या पुढे, वैनगंगेला लागून आहे. वर मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव, त्याची मातीची उंच पार, म्हणजे बांध, आणि पारीच्या पायथ्याशी पस्तीस-चाळीस घरांची खालटोली, सगळी ढीवरांची, म्हणजे मासेमारांची. तलाव भरला की जास्तीचं पाणी सांडव्यावरून नाल्यात उतरतं आणि नाला नदीला मिळतो. पाण्याबरोबर मासेही नदीला मिळू नयेत म्हणून मच्छीमार संस्था दरवर्षी सांडव्याच्या तोंडाशी बांबू रोवून जाळी ताणते. पावसाळ्याच्या सुरुवातीला सोडलेलं रोहू-कतल्याचं बीज पोळ्यापर्यंत बोटाएवढं होतं. ते गेलं तर वर्ष गेलं. जाळीचा दोष एकच. वाहून आलेलं शेवाळ, गवत, जलकुंभी तिला चिकटते आणि मग ती जाळी राहत नाही, भिंत होते. म्हणून दिवसरात्र कोणीतरी दाताळं घेऊन तिथे बसतं आणि कचरा ओढून काढतं. पाळ्या ठरलेल्या असतात.

त्या रविवारी बारापासूनची दुपारची पाळी जागेश्वरची होती. तो संस्थेचा सचिव होता. शिवाय खालटोलीतली सात-आठ कुटुंबं दर रविवारी त्याच्या घरी येशूची प्रार्थना करत, तीही तोच चालवत असे. वरठीहून पास्टर महिन्यातून एकदा यायचे. या वेळी नदीला पूर असल्याने आले नव्हते. प्रार्थना एकला संपली असती आणि तो सव्वाला सांडव्यावर गेला असता. तासाभराने काय होतं, असं त्याने धरलं होतं. पण प्रार्थना साडेतीनपर्यंत लांबली, आणि ती लांबली गोपीचंदमुळे.

गोपीचंद असा होता की त्याचे हातपाय आधी चालायचे आणि विचार मागून यायचा. पास्टरनी त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरवली, तर हा पठ्ठ्या दोन आठवडे आधीच भर थंडीत एकटा तलावात उतरला आणि कुडकुडत बाहेर येऊन म्हणाला, "झालं माहं." मागच्या बुधवारी कारध्याच्या घाटावर त्याने मासोळीच्या व्यापाऱ्याचा वजनकाटा उचलला आणि नदीत भिरकावला. काटा खोटा होता, याबद्दल घाटावर कोणाचं दुमत नव्हतं. पण भिरकावण्याआधी तो एकदा हातातून निसटला होता आणि व्यापाऱ्याच्या हमालाच्या पायाचं हाड मोडलं होतं. 

आजचा रविवार महिन्याचा पहिला, म्हणजे प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर वाटून खायचा. जागेश्वर भाकरीचे तुकडे असलेली ताटली घेऊन ओळीने फिरत होता. गोपीचंदने हात पुढे केला आणि ताटली त्याच्यापुढून निघून गेली.

"तुहं आज नाही, गोपीचंद," जागेश्वर म्हणाला. "पहिले त्या हमालाले जाऊन भेट. माफी माग. मंग ये."

"माफी? काटा खोटा होता भाऊ. तुले बी मालूम आहे."

"काटा खोटा होता. त्याचा पाय खोटा नव्हता."

कोणीतरी फिसकन हसलं. जागेश्वरला आपलं वाक्य क्षणभर आवडलंही. मग गोपीचंद उठला आणि पुढचा तासभर त्या घरात काय काय बोललं गेलं ते प्रार्थनेत बोलण्यासारखं नव्हतं. शेवटी त्याने उंबऱ्यावरून वळून सांगितलं, "तुही जाळी, तुही संस्था, तुही भाकर! पाहतो तुले." बायाबापड्यांना शांत करण्यात आणखी वेळ गेला.

सगळे गेल्यावर खाटेवरून रेवताबाई बोलली. ती जागेश्वरची माय. मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला चालता येत नव्हतं. ही प्रार्थना मुळात तिच्याच खाटेभोवती सुरू झालेली.

"माफी मागाले सांगतलं ते बेस केलं," ती म्हणाली. "पण त्याच्यावर हसवलं कायले?"

 जागेश्वर सतरंजी गुंडाळू लागला आणि तेवढ्यात आरोळी आली.

*

सांडव्यावर पाणी अक्षरशः कोसळत होतं. जाळीचे लोंबणारे तुकडे, जलकुंभीचे गादीएवढे थर, आणि त्यातून चमकत उड्या घेत जाणारे मासे. खाली नाल्यात पोरंबाया टोपल्या, ओढण्या, मिळेल ते घेऊन उतरल्या होत्या. एकीकडे रडत होत्या आणि एकीकडे धरत होत्या. गोपीचंद सांडव्याच्या दगडी कठड्यावर बसला होता, विळा बाजूला ठेवून. पळाला नव्हता. 

संस्थेचा अध्यक्ष भैय्यालाल काठी घेऊन त्याच्यापुढे उभा होता. साठीचा, कडक, तलावावरच्या देवीला नारळ फोडल्याशिवाय जाळं न टाकणारा माणूस. प्रार्थनेला जाणाऱ्यांशी त्याचं भांडण नव्हतं. "रविवारच्या पाळ्या तुमी लोक आपसात पाहून घ्या, मले फक्त कचरा दिसला नाही पाहिजे," एवढंच तो म्हणायचा.

"का गा गोप्या," भैय्यालाल म्हणाला, "तुह्या देवानं सांगतलं का तुले, जाळी काप म्हणून?"

"देवाचं नाव नोको घेऊ काका. मले राग आला, मी कापली."

"कोणाचा राग?"

गोपीचंदने हनुवटीने जागेश्वरकडे दाखवलं. "याचा."

"याचा राग आला त याचा शर्ट फाडाचा होता! साऱ्या गावाची जाळी कायले फाडली बे?"

दोघे-तिघे हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, "हात मोडा साल्याचे," आणि गर्दी एक पाऊल पुढे सरकली. पोलीस पाटील धनंजय मध्ये घुसला. त्याने गोपीचंदचं मनगट धरलं. "कोणी हात नाही लावाचा. उद्या रस्ता खुलला का ठाण्यात नेतो. सचिव, तक्रार तुमाले द्या लागते."

जागेश्वरने मान हलवली. त्याचं लक्ष सांडव्याच्या तोंडाशी अडकलेल्या जलकुंभीच्या ढिगाकडे गेलं होतं. भैय्यालालही आता तिकडेच पाहू लागला.

"हा येवढा कचरा?" भैय्यालाल म्हणाला. "सकाळपासून कोणी काढला नाही का? दुपारची पाळी कोणाची होती?"

जागेश्वरने तोंड उघडलं. पण भैय्यालाल उत्तरासाठी थांबलाच नाही. त्याची नजर ढिगावरून पारीवर गेली होती आणि तिथेच राहिली होती. पारीच्या आतल्या उतारावर ओल्या मातीचा पट्टा दिसत होता, नुकतंच उतरलेल्या पाण्याचा. पट्ट्याची वरची कड पारीच्या माथ्यापासून चार बोटंही खाली नव्हती. म्हणजे जाळी बुजल्यावर पाणी तेवढं चढलं होतं. आणखी थोडं चढतं तर मातीच्या पारीवरून उलटून वाहतं, आणि मातीच्या पारीवरून पाणी वाहिलं की ती किती वेळ टिकते, हे तिथल्या लहान पोरालाही सांगावं लागत नव्हतं.

भैय्यालाल पारीवरून चालू लागला. जागेश्वर त्याच्या मागे गेला. पारीच्या मध्यावर तुडूम आहे, शेतीला पाणी सोडायचं जुनं दगडी तोंड. तिथून भैय्यालाल बाहेरच्या बाजूने, खालटोलीच्या अंगाने, पायथ्याशी उतरला. आणि वाकला. आणि वाकलेलाच राहिला.

पायथ्याच्या गवतातून मनगटाएवढा झरा वर उसळत होता. भरल्या तलावाची पार थोडीफार पाझरतेच. ते पाणी स्वच्छ असतं. हे चहासारखं होतं. भैय्यालालने ओंजळीत घेतलं. ओंजळीच्या तळाशी माती बसली.

"आतून खाऊन राहिलं," तो हळूच म्हणाला. एवढ्या हळू बोलताना जागेश्वरने त्याला कधी ऐकलं नव्हतं.

*

खालटोलीतल्या माणसांना बाहेर काढायचं की नाही, आणि काढायचं तर कधी, एवढाच प्रश्न आता उरला होता. वीज दुपारपासून गेलेली, त्यामुळे देवळातला भोंगा मुका. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे तुंबल्याने नदी भरलेली आणि कारध्याकडच्या रस्त्यावरचा रपटा, नाल्यावरचा बुटका पूल, पाण्याखाली. बाहेरून कोणी येण्यासारखं नव्हतं.

जागेश्वरने तलाव ज्यांच्याकडे होता त्या अभियंत्याला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. 

"पाणी उतरतंय ना?" अभियंत्याने विचारलं. "मग ताण कमी होतोय. आम्ही रपटा ओसरला की निघतो. तोपर्यंत घबराट पसरवू नका. गेल्या वर्षी एका गावात धावपळीत म्हातारा चेंगरला. लक्ष ठेवा."

ते बोलणं खोटं नव्हतं. पाणी उतरत होतं. जागेश्वर शहानिशा केल्याशिवाय बोलणारा माणूस नव्हता आणि गाव त्याला त्यासाठीच मानत असे. त्याने घरी बायकोला, विमलाला, फोन केला. 

"मायले घेऊन घरीच राहा. शेजारच्यायले बी सांग. मी सांगन तवा निघा."

"अवो, काय झालं पण?"

"काही नाही झालं. मी अर्धा घंटा पाहतो."

त्यांच्या मागोमाग आलेला, धनंजयच्या मुठीत मनगट असलेला गोपीचंद पाच-सहा हातांवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

"काय पाहतं अर्धा घंटा?" तो ओरडला. "गढूळ आहे ना भाऊ! गढूळ आहे!"

"तू चूप बस," धनंजय म्हणाला. "तुह्यापायीच झालं हे."

गोपीचंदने हाताला हिसडा दिला. धनंजय चिखलात बसला आणि गोपीचंद खालटोलीच्या दिशेने उतारावरून पळाला. कोणी त्याच्या मागे गेलं नाही. पळून जाणार कुठे, सगळीकडे पाणीच होतं.

पहिल्यांदा त्याने ओरडून पाहिलं. "निघा! पार फुटते! शाळेवर चला!" लोक दारात आले. ज्याने तासाभरापूर्वी त्यांचे मासे नदीत सोडले होते तोच माणूस हातवारे करत होता. एका म्हातारीने त्याला मासे गेल्याबद्दल शिव्या दिल्या. एकाने विचारलं, "सचिव काय म्हणते?" विमला तिच्या दारातून म्हणाली, "त्यायनं घरीच राहाले सांगतलं." झालं. लोक आत वळले.

गोपीचंद गल्लीच्या मधोमध उभा राहिला. दोन्ही हात डोक्यावर. मग त्याच्या डोक्यात जे आलं ते त्याने केलं, येताक्षणी. समोरच्या कोठ्यात शिरला आणि दाव्यावरची गाय सोडली. शेजारच्या शेळ्या सोडल्या. पुढच्या घरी बैलजोडी होती, पोळ्याचा हिंगूळ अजून शिंगांवर होता. तीही सोडली आणि तिच्या पाठीवर काठी ओढली. कोंबड्यांचे डाले उलटे केले. एकेक करत साऱ्या खालटोलीची जनावरं मोकळी करून तो त्यांना हाकत, बोंबलत, शाळेच्या टेकडीच्या चढावाला लागला.

"माही गाभण आहे रे भडव्या!" कोणी किंचाळलं. "धरा त्याले! शेरडं चालली!"

आणि खालटोली धावली. बाप्ये काठ्या घेऊन, बाया पोरांना काखेत मारून, म्हातारे धोतर सावरत. ज्यांच्याकडे जनावर नव्हतं ते तमाशा पाहायला. पार फुटते म्हटल्यावर जे उंबऱ्याबाहेर आले नव्हते ते शेळीच्या मागे टेकडी चढले.

अर्ध्या तासानेही झरा गढूळच पाहून जागेश्वर पारीवरून उतरून आला तेव्हा गल्लीत उलटे डाले, पिसं आणि एक चूल होती, तिच्यावर भात रटरटत होता. माणूस नव्हता. फक्त त्याच्या स्वतःच्या घरात दिवा होता. त्याने सांगितलं होतं म्हणून विमला आणि माय तिथेच होत्या.

"चला," तो म्हणाला. 

त्याने आणि विमलाने माय बसलेली खाट दोन्ही बाजूंनी उचलली. चढावाला मातीचा राडा झाला होता. दोनदा विमला घसरली. रेवताबाई खाटेची पाटी धरून बसली होती आणि वर चाललेल्या कल्लोळाकडे पाहत होती.

"गोप्यानं काढले न हे सगळे?" तिने विचारलं.

"होय."

"आन जाळी तुह्यावरच्या रागानं कापली?"

"होय माय. आता बोलू नोको."

 ती म्हणाली, "येशूच्या त्या शिष्याची गोष्ट तूच सांगतं ना, तलवार आधी काढे आन विचार मंग करे. तोबी मासोळ्याच मारे. गोष्टीत तुले तो बहुत आवडते."

जागेश्वरने पुढचं पाऊल टाकलं.  राग हा राग होता. त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यात देवाचा हात शोधायचा तर उद्या कोणीही कोणाचंही काहीही कापेल. पण जाळी आणखी तासभर राहिली असती तर? हा प्रश्न तो खाली ठेवू शकत नव्हता, खाटेसारखाच.

*

शाळेवर लोकांनी गोपीचंदला गाठलं होतं. त्याचा ओठ फुटला होता आणि एक डोळा सुजत होता. धनंजयने त्याला कसाबसा सोडवला आणि खिचडी शिजवायच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. भैय्यालाल दोघांना घेऊन पारीवर झऱ्याशी बसला होता. माती भरलेल्या पोत्यांची गोल भिंत करून तो झऱ्याचा जोर दाबायचा प्रयत्न करत होता.

अंधार पडला. पार फुटली नाही.

माणसांचं असं असतं की न झालेलं संकट त्यांना फसवणूक वाटू लागतं. आधी कोणीतरी म्हणालं की चुलीवर भात आहे. मग कोणाचं औषध राहिलं होतं, कोणाची गाभण गाय परत कोठ्याकडे पळाली होती. वर पाऊस सुरू झाला आणि वऱ्हांडा पुरेना. 

"गोप्याच्या नादानं अथी भिजत बसाचं का?" एक जण म्हणाला आणि कंदील घेऊन चढाव उतरू लागला. त्याच्या मागे दोन-तीन. मग आणखी.

विमला जागेश्वरजवळ आली. "लोक म्हणून राहिले, उद्या गोप्याले ठाण्यात देतील. तुमी सांगून टाका ना, देवानं त्याले दाखवलं म्हणून कापली. पार तर खरंच भरली होती. त्याचीबी सुटका होते, अन् प्रार्थनेचं नावबी राहते."

ते सोपं होतं. सांगितलं असतं तर अर्ध्या गावाने मानलंही असतं, आणि पुढच्या महिन्यात पास्टरनी ती साक्ष म्हणून वरठीत सांगितली असती. जागेश्वर खिचडीच्या खोलीच्या खिडकीशी गेला. गजांमागे काळोख होता.

"गोपीचंद."

"काय."

"जाळी कापली तवा, पाणी चढलं हे तू पाह्यलं होतं?"

 आतून आवाज आला. "नाही पाह्यलं. मले काही दिसत नव्हतं भाऊ. तू लोकायले माह्यावर हसवलं, तेवढंच दिसत होतं."

"अन् देवानं..."

"देवाचं नाव नोको लावू त्याले. मी खोटं नाही बोलत. त्या हमालाचा पायबी माह्यानंच मोडला, मी जाऊन म्हणीन त्याले. पण ते मंग. लोक खाली जाऊन राहिले का?"

"काही गेले."

"कितीक?"

"दहा-बारा."

"मंग तू अथी कायले उभा आहेस?" गोपीचंदने गज धरून हलवले. "मले सोड! कडी काढ ना बाबा!"

धनंजयचा माणूस दाराशी उभा होता. गोपीचंदला सोडलं तर पुन्हा काय करील याचा नेम नव्हता. लोक त्याला या वेळी जिता सोडतील का, याचाही नव्हता. जागेश्वरने सवयीने या गोष्टी मनात एकापुढे एक मांडायला घेतल्या. मग त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा अर्धा तास पाहतो आहोत. त्याने धनंजयच्या माणसाला खांद्याने बाजूला सारलं आणि कडी काढली.

गोपीचंद त्याच्याकडे न बघता निघून गेला. चढावावरून खाली, अनवाणी, कंदिलांच्या मागे.

आता वऱ्हांड्यातले बाकीचेही उठू लागले होते. ज्याला कोंडलं त्यालाच सचिवाने सोडलं, म्हणजे धोका टळला असणार, असा अर्थ त्यांनी लावला. जागेश्वर धावत चढावाच्या तोंडाशी गेला. टेकडीवरून उतरायला ती एकच वाट होती.

"कोणी खाली जाऊ नोका."

"तुमीच तर फोनवर सांगतलं होतं, घरीच राहा म्हणून," एक बाई म्हणाली.

"चुकलं माहं."

"सरका सचिव. भात जळून राहिला माहा."

एकाने त्याच्या छातीला हात लावून त्याला बाजूला केलं. अजून चाळीस-पन्नास माणसं मागे होती आणि सांगण्यासारखं काही शहाणपणाचं त्याच्याकडे उरलं नव्हतं. जे आलं ते तो मोठ्याने बोलला.

"दुपारची पाळी माही होती!"

पुढचे लोक थबकले.

"जाळीची पाळी. बारा वाजल्यापासून. मी गेलोच नाही. प्रार्थनेत बसलो, भांडत बसलो. जाळी माह्यापायी बुजली. पाणी माह्यापायी चढलं. पारीले जे झालं ते गोप्यानं नाही, म्या केलं."

 मग मागून एक जण गर्दी फाडत पुढे आला. "तू? तू गेला नाही? माहा पोट्टा अर्धा घंटा उशिरा गेला त भर सभेत उभं केलं होतं तू त्याले!"

"हो. केलं होतं."

"अन् मघा भैय्यालालनं विचारलं तवा दातखीळ बसली होती का?"

"बसली होती."

"मोठा देवाचा माणूस!" एक म्हातारी म्हणाली आणि थुंकली. "गोप्याले मार खाऊ देला, अन् हा पाहत होता!"

त्यांनी त्याला घेरलं. कोणी कॉलर धरली, कोणी ढकललं. धनंजय आरडत होता. विमला रडत होती आणि ओरडत होती, सोडा त्यायले. जागेश्वरचा चष्मा पडला आणि कोणाच्या तरी पायाखाली गेला. तो बोलत राहिला. सकाळी कोणी पाणी पाहिलं होतं, कोणी नव्हतं. अभियंत्याला आपण काय सांगितलं, काय सांगितलं नाही. एकेका प्रश्नाला तो उत्तर देत गेला आणि प्रत्येक उत्तरावर नवा संताप उसळत होता. जोवर ते त्याच्यावर ओरडत होते तोवर चढाव उतरत नव्हते. हे त्याला बोलता बोलता कळलं. बोलायला सुरुवात करताना कळलं नव्हतं.

खाटेवरून रेवताबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. तिचे ओठ हलत होते.

चष्म्याशिवाय जागेश्वरला खालच्या अंधारात कंदिलांचे फक्त पिवळे डाग दिसत होते. त्याने विमलाला ते मोजायला सांगितलं. ती म्हणाली की मोजता येत नाहीत, हलताहेत. एक डाग मात्र चढावाकडे यायच्या ऐवजी आणखी खाली, तुडुमाच्या बाजूच्या घरांकडे चालला होता. मधूनच कोणाचं तरी ओरडणं पावसातून वर येत होतं. शब्द कळत नव्हते. आवाज गोपीचंदचा असावा.

आठच्या सुमाराला धनंजयच्या खिशातला फोन वाजला. पारीवरून भैय्यालाल बोलत होता. तलावाचं पाणी आणखी चार बोटं उतरलं होतं. पोत्यांची भिंत उभी होती, पण झरा अजून गढूळच येत होता. खालटोलीतून कोणी वर आलं का, असं त्याने विचारलं. धनंजयने चढावावर बॅटरी मारली. वाट रिकामी होती.